मेणवलीच्या घाटावर माझी कंटिन्युइटी

निसर्गचित्रण हा स्वस्त छंद आहे असं ज्यानं कुणी पसरवलं, त्याचं बहुधा रंगांचं दुकान असावं. ‘कागद, रंग, पाणी. बास!’ असं आमच्या रविवारच्या क्लासचे सर म्हणाले होते. प्रत्यक्षात मी दुकानातून बाहेर पडले तेव्हा माझ्याकडे ३०० जीएसएमचा कागद, गोल ब्रश, चपटा ब्रश, घडीचं स्टूल, घडीचा ईझल, मास्किंग टेप, पाण्याचा फवारा आणि हनुवटीखाली बांधायच्या दोरीसकट एक टोपी होती. माझं स्वतःचं औषधांचं दुकान आहे. तापाची गोळी घ्यायला आलेल्या माणसाला थर्मामीटर आणि च्यवनप्राशही कसा द्यायचा, हे मला पाठ आहे. समोरचा माणूस माझ्यावर तेच करतोय हे स्वच्छ दिसत होतं, तरी मी पिशवी पुढे धरत राहिले. व्यवसायबंधूंविषयी आदर, दुसरं काय!

त्या दुकानात मला जिव्हाळ्याची वाटली ती ट्यूब. १८४१ साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकारानं कथलाची, दाबून रंग काढता येईल अशी ट्यूब तयार केली. तोवर तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत आणि टोचून बाहेर काढत. असली पिशवी घेऊन कोण रानोमाळ हिंडणार? ट्यूब आली आणि चित्रकार खोली सोडून नदीकाठी जाऊन बसू लागले. टूथपेस्ट आणि मलमं त्या ट्यूबमध्ये पुढे शिरली. म्हणजे क्लोद मोने आणि गजकर्णाचं मलम यांचं गोत्र एकच. हे मी क्लासमध्ये सांगितल्यावर सरांनी विषय बदलला.

जलरंगात तर आणखी ओळखीची मंडळी निघाली. रंगाची पूड बांधून ठेवायला बाभळीच्या जातीचा डिंक, आणि ती वाळून दगड होऊ नये म्हणून ग्लिसरीन. डी. फार्मच्या प्रॅक्टिकलला इमल्शनसाठी चार भाग तेल, दोन भाग पाणी, एक भाग डिंक हे घोटता घोटता माझे हात भरून आलेले आहेत. ज्या अर्थी डिंक माझा, त्या अर्थी चित्रही माझंच, असा एक निराधार आत्मविश्वास मला आला. तो घेऊन मी वाईला निघाले.

बरोबर वन्सं होत्या. वन्संचं वय सत्तरीच्या पुढे, गुडघ्यांचं त्याच्याही पुढे. चित्रकलेत त्यांना रस नाही, वाईच्या ढोल्या गणपतीत आहे. शिरवळ, खंबाटकी, सुरूर फाटा, वाई. सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. ही माहिती वन्संनी आधी मला सांगितली, मग ड्रायव्हरला सांगितली, आणि हात जोडून पुटपुटल्या त्यावरून बहुधा गणपतीलाही. तिथून मेणवली तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा पाहिला. सुंदर आहे. वाड्यामागून घाटावर उतरलो. १७३९ साली वसई जिंकल्यावर मराठ्यांनी तिथल्या चर्चच्या घंटा आणल्या, त्यांतली एक इथे टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. वन्संनी तिलाही नमस्कार केला. “आई ती आई,” म्हणाल्या.

नवशिक्याची पहिली पंचाईत ही की समोर फार असतं. पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापायची, तिच्यातून बघायचं, तीन मोठे आकार निवडायचे आणि बाकीच्यांना रजा द्यायची, असं सरांनी शिकवलं होतं. मी खिडकीतून बघितलं. देऊळ, पिंपळ, अर्धचंद्राकृती पायऱ्या, कृष्णा, धुणं धुणाऱ्या बायका आणि पाण्यात बसलेली एक म्हैस. आलेल्या गिऱ्हाईकाला परत पाठवायची सवय नसल्यामुळे मी सगळ्यांनाच आत घेतलं.

दुसरी पंचाईत प्रेक्षकांची. ईझल उभा राहायच्या आत माझ्यामागे गर्दी उभी राहिली.

“आज्जी, हे तुम्ही बघून काढताय?” एका चड्डीतल्या समीक्षकानं विचारलं.

‘आज्जी’ मी गिळलं. “हो.”

“मग ह्ये काय हाय?”

“म्हैस.”

“ती गेली की कवाच.”

गेलीच होती. मी ब्रश मगात बुचकळला तशी खालच्या पायरीवरून एक बाई ओरडली, “ओ बाई, त्ये रंगाचं पानी हितं वतू नगा हां! खाली आमी धुतोय.” मी मान हलवली आणि आकाशाकडे वळले.

आकाशाचा वॉश म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढचा अनर्थ कळायचा नाही. बोर्ड तिरका धरायचा. भरल्या ब्रशानं वरून आडवा पट्टा ओढायचा. पट्ट्याच्या खालच्या काठाला पाण्याचा एक फुगीर थेंब जमतो, तो धरून पुढचा पट्टा, मग त्याच्या पुढचा. मध्ये थांबायचं नाही. थांबलात की तो काठ वाळतो आणि आभाळाला जन्माची भेग पडते. माझा वॉश त्या दिवशी कधी नव्हे तो जमत होता. थेंब माझ्या हुकमात होता.

“मॅडम, उठा. फ्रेममध्ये येताय.”

मागे वळून बघते तो घाटावर जनरेटरची वायर, ट्रॉली, छत्र्या आणि कानाला वॉकीटॉकी लावलेला एक तरुण. कुठल्याशा मालिकेचं शूटिंग होतं. मेणवलीला हे नवीन नाही, ‘स्वदेस’ चित्रपटातला घाट हाच. मी स्टुलावरून अर्धी उठले, तेवढ्यात छत्रीखालून आवाज आला, “राहू दे रे त्यांना. फील येतोय.”

“मॅडम, बसा. आणि आता अजिबात हलू नका.”

मी अजिबात हलले नाही. थेंब वाळला. आभाळाला भेग पडली.

त्यानंतर जे झालं त्याला कलासाधना म्हणत नाहीत. नायिका पायऱ्या उतरून यायची, मी मागे चित्र काढत असायचे, नायिका वाक्य विसरायची, परत वर जायची. दुसऱ्या टेकच्या आधी वॉकीटॉकीवाला धावत आला. “मॅडम, तुम्ही खरंच रंगवताय?”

“मग काय करू?”

“नुसता ब्रश हलवा ना! चित्र पुढे गेलं तर कंटिन्युइटी जाईल. मागच्या टेकला झाडाला पानं नव्हती.”

मी कोरडा ब्रश कागदापासून इंचभर वर धरून हलवत बसले. दुकानात डॉक्टरांची अक्षरं वाचण्यात हयात गेली, आता हवेत तसलीच अक्षरं काढत होते. दरम्यान वन्संना कुणीतरी नऊवारी नेसवली होती आणि हातात तांब्याची कळशी दिली होती. वन्सं नदीतून पाणी भरून, नायिकेकडे एक कटाक्ष टाकून वर गेल्या. एका टेकमध्ये ओके. दिग्दर्शकानं वाकून नमस्कार केला. त्या कटाक्षाचा सराव त्यांनी माझ्यावर कैक वर्षं केलेला आहे, हे त्याला कुठून माहीत असणार?

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून हेवा वाटला. निसर्गचित्रकाराचा खरा वैरी सूर्य. सकाळी देवळाची सावली ज्या पायरीवर असते, तिथे अकरा वाजता ऊन असतं. म्हणून सावल्या आधी ठरवून घ्यायच्या आणि दोनेक तासांत उरकायचं, मग ऊन काहीही करो. या लोकांनी सूर्यालाच गुंडाळलं होतं. ऊन सरकलं की थर्माकोलच्या पांढऱ्या पाट्या फिरवून ते पुन्हा जागेवर आणायचे. डोक्यावर आलं की काळं कापड ताणायचे. घाटावर तासन् तास साडेनऊच वाजलेले होते. असा उजेड मला मिळता तर! मिळालाच होता म्हणा, पण रंगवायची बंदी होती.

मग घोषणा झाली, “आता मॅडमच्या चित्राचा क्लोज.”

दिग्दर्शक आला. त्यानं माझं चित्र बघितलं. मग घाट बघितला. मग पुन्हा चित्र बघितलं.

“आर्टवाल्यांना बोलवा.”

काखेत बोर्ड मारून एक पोरगा आला आणि माझ्या कागदावर त्यानं दुसरा कागद क्लिपनं लावला. त्यावर मेणवलीचा घाट होता. खराखुरा. पिंपळाखालची गार सावली, पायऱ्यांवर तिरपं ऊन. मी त्याच्यासमोर ब्रश धरून कृतकृत्य चेहरा केला. शॉट ओके झाला.

“आज्जी, आत्ता जमलं बघा!” चड्डीतला समीक्षक मागून म्हणाला.

वन्संही आल्या. चष्मा सरसावून बघितलं. “बघ, शांतपणे बसलीस की येतं तुला.” मी काही बोलले नाही. वन्संकडून कौतुक सहसा मिळत नाही, आलेलं परत कशाला करा?

जेवणाच्या सुट्टीत तो पोरगा आपला कागद न्यायला आला. कोल्हापूरचा. जी. डी. आर्ट झालेला. शिकताना त्यांचे मास्तर त्यांना रंकाळ्यावर नेऊन बसवायचे आणि कोटितीर्थ तळ्यावर नेलं की चित्रकार आबालाल रहिमान इथं बसून रंगवायचे म्हणून सांगायचे. “आता काय करता?” मी विचारलं. “डमी करतो ओ. खोट्या भिंती, खोटी तुळशीवृंदावनं. मालिकेत सासरे गेले की हारातला फोटो माझाच.” घाटाचं चित्रही त्यानं आदल्या रात्री लॉजवर मोबाइलमधल्या फोटोवरून केलं होतं.

माझ्या चित्राकडे बघून तो हसला नाही. “डोळं बारीक करा की जरा,” म्हणाला. केले. पाच-पन्नास पायऱ्या होत्या त्या गेल्या. एक उजळ पट्टा, एक मधला, एक गडद राहिला. “ह्ये तीन बसलं की घाट बसला. पायऱ्या मोजत बसायचं न्हाई.” मग माझी काळ्या रंगाची ट्यूब त्यानं हळूच पेटीबाहेर काढून ठेवली. “दगड काळा नसतोय मॅडम.” अल्ट्रामरिन निळ्यात त्यानं बर्न्ट सिएना ओढला. निळा आणि विटकरी एकमेकांत शिरले आणि त्यातून ओल्या पायरीचा राखाडी निघाला. कागदावर टेकवल्यावर निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसले, विटकरी वरच्या वर पसरला, आणि न रंगवताच दगडाला दगडाचा खरखरीतपणा आला. मी ट्यूबचं गोत्र सांगत हिंडत होते. ट्यूबमधली पूड अशी वागते हे मला ठाऊक नव्हतं.

“मॅडम, एक कागद मिळंल?” त्यानं विचारलं.

मी दिला. स्टूलही दिलं. त्यानं पेन्सिल घेतलीच नाही. त्याचं ताट मी झाकून ठेवलं, कारण तो जेवणार नाही हे दिसत होतं. डिप्लोमा झाल्यापासून बाहेर बसून एकही चित्र केलं नाही, असं तो कागदावरून नजर न काढता म्हणाला. नदी आली, पायऱ्या आल्या, देवळाचा कळस कागदाचा पांढरा सोडून आला. पिंपळाला हात घातला आणि वॉकीटॉकीची हाक आली, “आर्ट! पायरीवर पानं पडलीत, मास्टर शॉटला नव्हती. उचला!” तो ओला ब्रश माझ्या हातात देऊन पानं वेचायला पळाला. पॅकअपच्या वेळी मी त्याला चित्र दिलं, तर म्हणाला, “अर्धंच हाय. तुमीच पुरं करा.” त्या पिंपळाला हात लावायची माझी अजून हिंमत नाही.

पॅकअप झाल्यावर वन्संना पाकीट मिळालं, मला चहा. आणि घाटाला मिळाल्या चहाच्या कागदी कपांच्या राशी, थर्माकोलचे तुकडे आणि टेपच्या गुंडाळ्या. त्याआधीही तो काही स्वच्छ नव्हता. निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट पाण्यात सोडून वर हात जोडणारी मंडळी मी सकाळपासून बघत होते. नाना फडणवीसांच्या घाटाचं चित्र काढताना त्या पिशव्या सगळेच वगळतात. मीही वगळल्या होत्या, मालिकेनंही वगळल्या. चित्रात नसल्या म्हणून नदीतून जात नाहीत. चड्डीतल्या समीक्षकाला हाताशी धरून मी कप गोळा केले. त्याचे वडील शूटिंगला जेवण पुरवतात, असं त्यातून कळलं.

तेव्हा, बाहेर बसून चित्र काढायची हुक्की कुणाला आलीच, तर ईझल घरी ठेवा. मांडीवर बोर्ड पुरतो. कागद लहान घ्या, काळी ट्यूब घेऊ नका, स्टूल मात्र जरूर घ्या. आणि एक झाकणाची रिकामी बाटली घ्या. ब्रश धुतलेलं पाणी तिच्यात भरून घरी आणा, एक-दोन दिवस गाळ खाली बसू द्या, आणि तो कागदानं पुसून कचऱ्यात टाका. काही पिवळ्या-तांबड्या ट्यूबवर कॅडमियम लिहिलेलं असतं, ते वाचा. माझ्या दुकानात असलं काही मी कुणाला पोटात घ्यायला देणार नाही. घाटाच्या खालच्या पायरीवर कुणीतरी धुणं धूत असतं, आणि त्याच्या खाली पुढचं गाव असतं.