तपासनीस

रात्री आठला दोन-तीन मिनिटं झाली, की कात्रजच्या संतोषनगरातल्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरून आवाज येतो, "हिला काडीची अक्कल नाही!" नव्या भाडेकरूंना वाटतं, तात्या काकूंवर ओरडतायत. जुन्यांना कळतं, मालिका सुरू झाली.

तात्या पीएमटीतले निवृत्त तिकीट तपासनीस. पीएमटीची पीएमपीएमएल होऊन जमाना झाला, पण तात्यांच्या तोंडी अजून पीएमटीच. स्वारगेट-कात्रज मार्गावर त्यांची हयात गेली. गाडीत पाय ठेवताच नुसत्या चेहऱ्यावरून फुकट्या ओळखायचा, ही त्यांची ख्याती. निवृत्तीनंतर तपासायला चेहरे उरले ते टीव्हीवरचे. ही बाई कुठून आली, निघाली कुठे, आणि हिच्या पर्समध्ये पैसे कोणाचे, हे विचारल्याशिवाय ते एकाही पात्राला पुढे सरकू देत नाहीत.

अर्थात तात्या मालिका बघत नाहीत. "हिला लागतं म्हणून लावतो," असं म्हणून ते काकूंकडे बोट दाखवतात. काकू त्या वेळी ओट्याशी भाकऱ्या थापत असतात आणि रिमोट तात्यांच्या मांडीखाली असतो.

त्यांचा पहिला आक्षेप हिशेबाचा. 'माझ्या नवऱ्याची बायको'तल्या राधिकाने मसाले विकून 300 कोटींची कंपनी उभी केली, तेव्हा महाराष्ट्राने हसून घेतलं. तात्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागे गुणाकार मांडला आणि जाहीर केलं, "एवढा मसाला खरंच खपला असता, तर राज्यात आम्लपित्ताची साथ आली असती." 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये जान्हवीचं गरोदरपण संपता संपेना, तेव्हा ते कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात चौकशी करून आले. "हत्तीण बावीस महिन्यांत मोकळी होते," त्यांनी जिन्यात मला गाठून सांगितलं, "आणि तिला डोहाळजेवणाचे आठ भाग लागत नाहीत."

मालिकांच्या प्रोमोवर तर त्यांचा विशेष राग. "शाहिस्तेखानावर छापा घातला त्या रात्री शिंगांना मशाली बांधून बैल आमच्या घाटात सोडले होते म्हणतात. खानाची फौज इकडे धावली आणि महाराज सिंहगडावर पोचले. हे प्रोमो म्हणजे त्याच मशाली. सोमवारी सून घर सोडणार म्हणून आपण डोळे लावून बसायचं, आणि सोमवारी ती पूजेची थाळी घेऊन हजर!"

इथवर तात्या करमणुकीचे. पण कोणत्या माणसाला पडद्यावर कसं दाखवलं, हा विषय निघाला की ते पंख्याचा वेग कमी करून बसतात. तात्या मूळचे घाटापलीकडचे, भोरकडचे. "आमच्याकडची भाषा टीव्हीवर बोलतं कोण? मोलकरीण, नाहीतर गुंडाचा हस्तक. साहेबाच्या तोंडी कधी 'आलतो' ऐकलंय?" 'तुझ्यात जीव रंगला'मधला राणादा त्यांना मनापासून आवडायचा, तरीही तक्रार होतीच. "पैलवान म्हटलं की तो भोळासांबच असायला हवा का? आमच्या चुलत्यांनी तालीम सांभाळून सोसायटीची तीस वर्षं हिशेबवही लिहिली. एक पैसा इकडचा तिकडे नाही."

'रंग माझा वेगळा' सुरू झाली, तेव्हा तात्या दोन दिवस खूश होते. सावळ्या रंगापायी मुलीची होणारी अवहेलना कोणीतरी मांडतंय म्हणून. मग कुठूनसं कळलं, की दीपाचं काम करणारी रेश्मा शिंदे मूळची उजळ आहे आणि तिला रंग लावून सावळं केलंय. "अहो, सावळ्या मुलीवर मालिका काढली आणि अख्ख्या महाराष्ट्रात यांना सावळी मुलगी सापडेना? सकाळी साडेनऊला कात्रजच्या स्टॉपवर या म्हणावं. गाडी भरून देतो!"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

सगळ्यांत जिव्हारी लागलेलं दुखणं मात्र घरचं. मालिकांत कंडक्टर दिसतो तो सुट्ट्या पैशांवरून खेकसायला. तिकीट तपासनीस तर औषधालाही नाही. "रजनीकांत बंगळुरात कंडक्टर होता, तो हिरो झाला. आमच्याकडे एखादा हिरो कंडक्टर झालाय का सांगा." आणि कात्रज? पुणं दाखवायचं म्हटलं की शनिवारवाडा. "त्या वाड्याच्या कारंजाला पाणी कुठून जायचं? नानासाहेब पेशव्यांनी आमच्या तळ्यातून नळ टाकून नेलं ना? कारंजं सगळे दाखवतात, तळ्याला कोण विचारतं? देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बसची वेगळी मार्गिका, 2006 साली आमच्या रस्त्यावर झाली. तिथे रोज जेवढं नाट्य घडलं, तेवढं या लोकांना वर्षभर पुरलं असतं."

अशा तात्यांना शंभर गुन्हे माफ असलेली एकच मालिका होती, 'आई कुठे काय करते'. 2019 च्या डिसेंबरपासून पुढची जवळजवळ पाच वर्षं ते त्यातल्या अरुंधतीचे बिनपगारी वकील होते. नवऱ्याने तिला घरात गृहीत धरलं की तात्यांचा संताप खालच्या मजल्यापर्यंत पोचायचा. "निघ तू! गाणं शीक, नोकरी कर! याला करू दे याचा चहा!" हे ऐकत काकू त्यांना कात्रज डेअरीच्या दुधाचा, कमी साखरेचा चहा आणून देत.

परवा मी वर्गणी मागायला गेलो, तेव्हा काकू बाहेर जायच्या तयारीत होत्या. भारती विद्यापीठाच्या बाजूला त्यांनी हार्मोनियमचा क्लास लावला होता. रोज साडेसात ते साडेआठ.

"आणि भाकरी?" तात्यांनी विचारलं.

"डब्यात पीठ आहे."

तात्यांनी रिमोट बाजूला ठेवला. नवरा म्हणून बोलायला तोंड नव्हतं, कारण अरुंधतीच्या बाजूने केलेली भाषणं सगळ्या सोसायटीने ऐकली होती. मग ते समीक्षक म्हणून बोलले. "विरोध नाही माझा. पण हे पटत नाही. ज्या बाईच्या तोंडून चाळीस वर्षांत सूर निघाला नाही, ती एकदम पेटी वाजवायला निघते? आधी कुठेतरी तयारी दाखवायला नको?"

काकूंनी पायात चपला सरकवल्या. "तयारी झाली की दाखवून. पेटी सहा महिने त्या दिवाणाखाली आहे. तुम्ही रोज तिच्यावरच बसता."