दाण्याला शिक्का, मिस्त्रीला काय?

एकादशीला साबुदाण्याची खिचडी किती घरांत झाली, ते मोजू नका. एवढंच सांगा: तो दाणा गोल कुणी केला?

साबुदाणा काही झाडाला लागत नाही. कसाव्याचा कंद सोलायचा, किसायचा, पाण्यात खळखळून गाळायचा. तळाशी बसलेला स्टार्च ओला असतानाच हलवत हलवत त्याचे दाणे वळायचे, मग भाजायचे, वाळवायचे. हे सगळं हातानं करायचं म्हटलं तर देशाची एकादशी कधीच पुरी पडली नसती.

तमिळनाडूतल्या सेलमला हा धंदा 1943 च्या सुमारास उभा राहिला. महायुद्धानं बाहेरचा माल आटला होता. माणिकम चेट्टियार हे व्यापारी, रीत सांगणारे पेनांगचे पोपटलाल शहा. आणि तिसरे व्यंकटाचलम गौंडर. हे मिस्त्री. यंत्रं त्यांनी सुधारली आणि उत्पादन वाढलं.

रीत तोंडी सांगता येते. दाणा तोंडी वळत नाही.

2023 मध्ये सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे वायगावच्या हळदीला ते 2016 मध्ये मिळालं, सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये. चांगलंच झालं. दाण्याला शिक्का, हळकुंडाला शिक्का.

हळद शिजवणाऱ्या कुकरला?

शेतातून काढलेली हळद तशीच विकता येत नाही, शिजवावी लागते. पूर्वी चुलाणावर भली मोठी काहील, वर हळदीचाच पाला, खाली ढीगभर जळण. तळची हळद गाळ व्हायची, वरची कच्ची राहायची. आता ट्रॅक्टरच्या मागे कुकर येतो. एक पाण्याची टाकी, बाजूला ड्रम, ड्रममध्ये नळीतून वाफ. हळद शेतात शिजते आणि कुकर पुढच्या बांधावर जातो. मग पॉलिशचा ड्रम: जाळीच्या पत्र्याच्या पोटात हळकुंडं एकमेकांवर घासायची आणि साल गळून पडायची.

कृषी विद्यापीठांचे आराखडे आहेत, त्यांचं श्रेय त्यांना. पण आराखड्यातल्या कुकरला चिखलात रुतायचं नसतं.

ते दुखणं फॅब्रिकेशनवाल्याकडे येतं. शेतकरी म्हणतो, मधली हळद कच्ची राहतेय. मिस्त्री वाफेची नळी वीतभर आत सरकवतो, दोन भोकं वाढवतो, म्हणतो, उद्या लावून बघा. संशोधन म्हणतात ते हेच. प्रयोगशाळा म्हणजे दुकानापुढचा रस्ता आणि परीक्षक म्हणजे ज्याचे पैसे अडकलेत तो शेतकरी. इतका कडक परीक्षक कुठल्या समितीवर असतो?

पुढच्या हंगामात तीच नळी शेजारच्या दुकानात दिसते. चोरी? मी नाही म्हणणार. याच वाटेनं चांगली नळी चार तालुक्यांत पोचते. माझी तक्रार नक्कल करणाऱ्याशी नाही.

कागद मागणाऱ्यांशी आहे.

पेटंट घ्या म्हणतात. घ्या की! एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी 1600 रुपये. फी परवडते. पण 1970 च्या पेटंट कायद्याचं कलम 3 (एफ) काय सांगतं? ओळखीची साधनं आपापलं जुनंच काम करत असतील आणि तुम्ही ती नुसती नव्यानं मांडली असतील, तर तो शोध नव्हे. म्हणजे टाकी, नळी आणि ड्रम एकत्र आल्यावर काहीतरी जास्तीचं घडतं, हे मिस्त्रीनं कायद्याच्या भाषेत लिहून दाखवायचं. ते लिहून देणाऱ्याची फी 1600 रुपये नसते.

जर्मनीत अशा छोट्या शोधांसाठी 1891 पासून वेगळा, हलका हक्क आहे. केनियातही आहे. तिथे उघड्यावर काम करणाऱ्या कारागिरांना ‘जुआ काली’ म्हणतात, म्हणजे कडक ऊन. आपल्याकडे 2011 मध्ये यावर सरकारी चर्चापत्र निघालं.

कायदा अजून यायचाय.

गुजरातच्या मनसुखभाई पटेलांनी देशी कपाशीची बोंडं फोडणारं यंत्र बनवलं. ही बोंडं पुरती उमलत नाहीत; बायका आणि पोरं घरी बसून ती हातानं फोडत. 2003 मध्ये त्या यंत्राला अमेरिकेचं पेटंट मिळालं. ‘ग्यान’ ही गुजरातमधलीच संस्था कागद घेऊन त्यांच्याबरोबर चालली. बाकीच्यांबरोबर कोण चालणार?

पेटंट राहू द्या. अनुदान घ्या.

महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अवजाराचा अर्ज करताना कोटेशन लागतं आणि मान्यताप्राप्त संस्थेचा तपासणी अहवालही लागतो. जनतेचा पैसा आहे, तपासणी हवीच. पण आठ-दहा कुकर बनवणाऱ्या दुकानानं एकेक नमुना घेऊन कुठल्या केंद्राच्या दारात उभं राहायचं? आणि अहवाल हातात येईपर्यंत त्यानं नळी पुन्हा बदललेली असणार, कारण शेतकरी पुन्हा आलेला असणार. मग अनुदान बड्या कंपनीच्या यंत्राला मिळतं. दुरुस्तीला मात्र ते यंत्र याच मिस्त्रीकडे येतं.

सरकारला हे कारागीर दिसतच नाहीत असंही नाही. मळणी यंत्रात मजुरांचे हात जायला लागले, तेव्हा 1983 मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. पेंढी सारायचं तोंड कसं असावं, यंत्र बनवणाऱ्याची जबाबदारी काय, सगळं त्यात आलं. कायदा हवाच होता.

पण हात तुटल्यावरच दुकानाचा पत्ता का सापडावा?

कुकरमध्ये वाफ असते. झडप अडकली, सांधा सुटला, तर शेजारी उभी असलेली बाई भाजते. माती तपासायला फिरती गाडी गावात येते, मग यंत्र तपासायला का येऊ नये? फेब्रुवारीत हळदीची काढणी जोरात असते, सगळे कुकर शेतातच असतात. तिथे जा. दाब मोजा, झडप उघडून बघा, कमी असेल ते मिस्त्रीला समोर सांगा. तो संध्याकाळपर्यंत वेल्डिंग करून आणेल.

आणि मग अहवाल द्या. त्याच्या नावानं.