पाण्याचा दिवस आणि नवा गिझर

आमच्या आणि अक्कांच्या घरामधली भिंत साडेचार फुटांची. बिल्डरनं ती दोन घरं वेगळी राहावीत म्हणून बांधली. आम्ही दोघी तिच्यावर कोपर टेकतो. इकडून तिकडे कोथिंबीर जाते, तिकडून इकडे शेंगाचटणी येते. जुळे सोलापुरातल्या आमच्या ओळीत कुणाचं लग्न जमलं, कुणाचं फिसकटलं, सगळं आधी या भिंतीवर ठरतं, मग त्या त्या घरांना कळतं.

तर डिसेंबरातल्या एका सकाळी अक्का म्हणाल्या, "अगं, तुझ्या न्हाणीघराच्या भिंतीला बाहेरनं ओल आलीय बघ. गिझर गळायलाय तुझा."

आम्ही आत राहून आठ दिवस "वाफेनं होतंय" म्हणत होतो.

चौदा वर्षांचा गिझर, पंचवीस लिटरचा. मिस्त्री आला. खालची प्लेट उघडली, तर कॉईल दिसेचना. पांढऱ्या चुन्याचं एक ढेकूळ बाहेर आलं, त्याच्या आत कॉईल होती म्हणे. शेजारी एक काळपट तार लोंबत होती. "हा मॅग्नेशियमचा रॉड बाई. पाणी आधी ह्याला खातंय, म्हणून टाकी वाचतीय. वर्षा-दोन वर्षाला बघायचं असतंय, झिजला की बदलायचं." आमच्या चौदा वर्षांत तो कुणी पाहिलाच नव्हता. रॉड संपल्यावर पाण्यानं टाकी खायला घेतली. कॉईल बदलता येते, भोक पडलेल्या टाकीला मात्र इलाज नाही.

"चौदा वर्षं चालला म्हणजे तुला पावला की," अक्का म्हणाल्या. "बोअरच्या पाण्यावर लोकांचे पाच वर्षांत जातात."

मग सुरू झालं नवा कुठला घ्यायचा. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, मोबाईलवर चालणारा घे, ऑफिसातून निघतानाच चालू करता येतो. मी म्हटलं, बाळा, मी कुठल्या ऑफिसातून निघते? अक्कांनी भिंतीपलीकडून ऐकलंच होतं. "पाणी पण मोबाईलवर सोडतात का म्हणावं, विचार त्याला."

ह्यांचं मत वेगळंच. हे म्हणाले, सोलापुरात गिझर लागतो कशाला? त्यांचंही खोटं नाही. मार्च ते जून गच्चीवरची काळी टाकीच गिझर असते. मे महिन्यात दुपारी गार पाण्याचा नळ सोडला तर हात भाजतो, अंघोळीचं पाणी आदल्या रात्री बादलीत काढून निववावं लागतं. पण थंडीचे अडीच महिने उरतातच, आणि यंदा जानेवारीत गड्ड्याला नणंदबाई सहकुटुंब येणार. सिद्धेश्वराची यात्रा. 68 लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी 14 तारखेला अक्षता. सात नंदीध्वज निघायच्या आत सगळ्यांच्या अंघोळी व्हायला हव्यात, आणि नणंदबाई गार पाण्यानं अंघोळ करणार नाहीत, हे पंचवीस वर्षांपूर्वी ठरून गेलंय.

नव्या पेठेत दुकानात गेलो. दुकानदारानं पहिला प्रश्न विचारला, घरात माणसं किती? दोन, म्हटल्यावर तीन लिटरचा इन्स्टंट दाखवला. पाहुणे येतात म्हटल्यावर थेट पंचवीस लिटर, पाच तारे. मग म्हणाला, मॅडम, सोलरच घ्या ना, 2025 च्या सप्टेंबरात सोलरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय. गिझरवर 18 लागतो. तोही 2018 च्या आधी 28 होता, ही भर ह्यांनी घातली. ह्यांना असले आकडे पाठ असतात, भाजीचा भाव मात्र विचारू नका.

दुकानातले कागद घेऊन भिंतीशी आले. अक्कांनी माणसं किती हे विचारलंच नाही.

"तुला पाणी कितव्या दिवशी येतंय?"

"चौथ्या. कधी पाचव्या. तुम्हाला माहीत नाही का अक्का, एकाच लाईनवर तर आहोत."

"मला माहितंय. गिझर घेताना तुला ते आठवलं का, हे विचारते."

खरं सांगते, नव्हतं आठवलं. उजनी भरली की पेपरात धरणाचा फोटो येतो, आपण खूश होतो. पण शंभर किलोमीटरवरची उजनी आणि आपला नळ यांत चार दिवसांचं अंतर आहे ते आहेच. त्यामुळे पिण्याला महापालिकेचं आणि अंघोळीला बोअरचं, ही इथली वाटणी. त्यात बोअर उन्हाळ्याआधीच दमतं.

अक्कांकडे सोलर आहे, काचेच्या नळ्यांचा. तीन वर्षांपूर्वी घेतला तेव्हा ओळीतल्या सगळ्यांना त्यांनी गच्चीवर नेऊन दाखवला होता. पुढची गोष्ट मात्र त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. एका एप्रिलात पाणी लांबलं, बोअरनंही दगा दिला. वरची टाकी कोरडी. बसवणाऱ्यानं पाणी उलटं फिरू नये म्हणून लावायचा वॉल्व्ह लावलाच नव्हता, त्यामुळे सोलरच्या टाकीतलं पाणी खालच्या नळांनी उतरून गेलं. दोन दिवस नळ्या उन्हात तापत पडल्या, त्यांतलं पाणी आटत गेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता पाणी आलं, अक्कांनी धावत जाऊन मोटार लावली, आणि वर फाट फाट आवाज. तापलेल्या काचेवर गार पाणी. सहा नळ्या गेल्या.

"मला वाटलं गल्लीत लग्न लागलं," अक्का म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. "भरायचंच असतं तर रात्री भरायचं, नळ्या निवल्यावर. हे मला सहा नळ्यांनी शिकवलं."

सोलरचं त्यांना वाईट म्हणायचं नाही. वर्षातले नऊ-दहा महिने फुकट बिसी नीरू, अगदी चटका बसेल असं. (अक्कांचं माहेर अक्कलकोटाकडचं, गरम पाण्याला त्यांच्या तोंडात अजून बिसी नीरूच येतं.) पण गच्चीपासून न्हाणीपर्यंतचा पाईप लांब. सकाळी गरम पाणी येईपर्यंत अर्धी बादली गार पाणी आधी येतं. ते त्या सांडत नाहीत, भांड्यांना नाहीतर तुळशीला घालतात. "पण पाहुण्याला कुठं कळतंय? तो नळ सोडून उभा राहतोय."

नणंदबाईंच्या घरच्यांचे चेहरे डोळ्यांपुढे आले. सोलर तिथंच बाद.

गॅसच्या गिझरचं नाव मी काढलं, तर अक्कांनी हात वर करून थांबवलं. आमची न्हाणीघरं म्हणजे कपाटं. गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस अंघोळ करता करता खाली बसतो तो बसतोच. लावायचाच तर बाहेर, मोकळ्या हवेत. आमच्याकडे बाहेर म्हणजे ही भिंत.

मग अक्का बंबावर आल्या. अक्का कुठूनही बंबावर येतात. माहेरी तांब्याचा बंब होता, मधल्या नळीत तुराट्या आणि शेंगांची टरफलं जाळायचे, भोवतीनं पाणी तापायचं. वरून गार पाणी ओतलं की तोटीतून गरम पाणी यायचं. जितकं घालशील तितकंच मिळेल, म्हणून पुढच्याचं पाणी ओतल्याशिवाय कुणी आपली बादली उचलायची नाही. एका भावानं एकदा रिकामा बंबच पेटवला. सांधे सुटले. "त्याला मार बसला. माझ्या नळ्या फुटल्या तेव्हा मला कोण मारणार? मीच घरात मोठी."

आता हिशेब. वही ह्यांनी आणली. पंधरा लिटर पाणी साठ अंशांपर्यंत तापवलं आणि त्यात थंडीतलं गार पाणी मिसळलं, तर अंघोळीजोगं कोमट पाणी तीसेक लिटर होतं, म्हणजे दीड बादली. दोन किलोवॅटच्या गिझरला त्यासाठी वीस-बावीस मिनिटं आणि पाऊण युनिटाहून थोडी कमी वीज. पाहुणे सहा असले तरी एकामागून एकच आत जाणार. एकाची अंघोळ होऊन दुसऱ्याला टॉवेल सापडेपर्यंत (आणि सोलापुरात टॉवेलला तोटा नाही) पुढचं पाणी तयार. मग पंचवीस लिटर रोज कशाला तापवायचे?

ताऱ्यांचंही असंच. तारे सांगतात ते एवढंच, की गिझरात गरम पाणी चोवीस तास नुसतं ठेवलं तर किती ऊब वाया जाते. जो दिवसभर बटण चालू ठेवतो त्यानं तारे मोजावेत. आम्ही अंघोळीआधी लावणार, नंतर बंद करणार. तरी ह्यांनी पाच ताऱ्यांचाच घेतला, कारण कमी तारे घेतले हे मेहुण्याला सांगायला लाज वाटते. मी काही बोलले नाही.

मला जे बघायचं होतं ते दुसरंच होतं. आतून काचेचा लेप असलेली टाकी, मॅग्नेशियमचा रॉड सुटा मिळतो का, आणि तो बदलायला मिस्त्री सोलापुरातला की पुण्याहून येणार. दुकानदाराला रॉडचं विचारलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. शिवाय अक्कांनी बजावलं होतं, काटा पन्नास-पंचावन्नाच्या वर न्यायचा नाही. पाणी जितकं कढत, तितका कॉईलवर चुना जास्त बसतो. दीड बादलीचा हिशेब त्यानं थोडा खाली आला, ह्यांनी वहीत खाडाखोड केली.

पंधरा लिटरचा गिझर गुरुवारी घरी आला. मिस्त्रीनं बसवला आणि गेला. नेमकं त्याच दिवशी बोअरनं हवा फेकायला सुरुवात केली आणि महापालिकेचं पाणी शनिवारवर गेलं. दोन दिवस नवा गिझर भिंतीवर कोरडा टांगलेला, लेबलासकट. ह्यांनी दोनदा जाऊन बटणाकडे पाहिलं. दुसऱ्यांदा मी बटणावर चिकटपट्टी लावली.

शनिवारी पहाटे तीनला पाणी आलं. ओळीतले दिवे एकेक करत लागले, मोटारी घुमू लागल्या, कुणाचं तरी पिंप लवंडलं. मी वरची टाकी भरायला लावून न्हाणीत गेले, चिकटपट्टीचं टोक नखानं सोडवत होते, तेवढ्यात खिडकीबाहेरून आवाज आला. अक्का स्वेटरवर शाल, कानाला मफलर बांधून, स्टुलावर उभ्या.

"थांब! आधी गरमचा नळ सोड. त्यातनं पाणी आलं की मगच बटण."

नळ सोडला. आधी नुसता फुसकारा आला, मग खोकल्यासारखी हवा, मग गढूळ धार, आणि मग स्वच्छ.

"आलं का?"

"आलं अक्का."

"मग लाव. आणि एक बादली गरम झालं की मला दे भिंतीवरनं. ढगाळ आहे कालपासनं, माझा सोलर बसलाय."