हातमोज्यांची निगा

फवारणाऱ्याला संरक्षक कपडे आणि हातमोजे मिळावेत, हे कीटकनाशक नियमांत १९७१ पासून लिहिलेले आहे. आपल्याकडे ते कमालीच्या निष्ठेने जपले जाते. जाड रबरी मोजे दुकानाच्या फळीवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले असतात. विषाचा थेंबही अंगावर येऊ देत नाहीत, स्वतःच्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. मोज्यांना ओरखडाही नाही! आता एक पाऊल पुढे टाकावे. दर हंगामात मजुराने मोजे घालून फोटो काढावा, सही करावी, मोजे धुऊन परत जमा करावेत आणि मग निर्धास्तपणे औषध कालवावे. ढवळायला काठीचा खर्चही शासनावर नको. हात मजुराने घरून आणावेत.