ऊन बाटलीत भरून मिळेल

फुकट ते पौष्टिक असं आपण म्हणतो खरं, पण विश्वास ठेवतो तो विकतच्यावरच. उन्हाचंच बघा. वर्षातले आठ महिने ते आपल्या डोक्यावर ओतलं जातं आणि आपण टोपी, छत्री, सनस्क्रीन, एसी अशी यथाशक्ती झुंज देतो. तेच ऊन रंगीत बाटलीतून गाळून आलं की मात्र आपण त्याला ‘सूर्यभारित जल’ म्हणतो आणि सकाळी अनशापोटी दोन घोट घेऊन डोळे मिटतो.

सध्या गच्च्यागच्च्यांवर या बाटल्यांचं पीक आलंय. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्येही कार्यशाळा झाली. प्रवेश विनामूल्य, बाटल्यांचा संच चार आकडी. नारिंगी बाटली कफावर, निळी पित्तावर, हिरवी रक्तशुद्धीला. बाटली लाकडी पाटावरच ठेवायची, कारण फरशीवर ठेवली तर ऊर्जा जमिनीत उतरते, असं व्याख्यात्यांनी बजावलं. (अर्थिंगची एवढी काळजी आमच्या बिल्डरनं घेतली असती तर लिफ्टच्या दाराला हात लावताना झिणझिण्या आल्या नसत्या.) दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, “शेजारी पापड वाळत घातले तर त्यांच्यातही उतरेल का हो?” “संकल्पावर आहे,” व्याख्याते म्हणाले. मग वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका उठले. “आमची टाकी बारा महिने उन्हातच असते. मे महिन्यात दुपारी नळाखाली हात धरवत नाही. म्हणजे अख्खी सोसायटी आधीच चार्ज झालेली आहे. मग माझे गुडघे का दुखतात?” व्याख्याते मंद हसले. “टाकी काळी आहे ना. काळा रंग शनीचा.” हॉलमध्ये पटल्याची कुजबुज झाली. त्यानंतर तीन संच खपले.

या पाण्याचे फायदे छापील पत्रकात होते. पाण्यात डी जीवनसत्त्व उतरतं, हा पहिला. डी जीवनसत्त्व तयार होतं ते आपल्या कातडीत, तिथल्या कोलेस्टेरॉलच्या भावंडावर ऊन पडलं की. पाण्यात कोलेस्टेरॉल निघालं तर जीवनसत्त्वाआधी नगरसेवकाला शोधावं लागेल. दुसरा फायदा, पाण्यातला प्राणवायू वाढतो. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, हे शाळेत शिकवतात. पण शाळेची फी वेगळी आणि कार्यशाळेची वेगळी. उरली ऊर्जा. ती पाण्यात नक्की शिरते. तिला उष्णता म्हणतात आणि संध्याकाळी सातपर्यंत ती निघून जाते.

हे सारं आपल्या ऋषिमुनींचं, असं पत्रकाच्या मागच्या बाजूला होतं. ऋषींची माहिती मला नाही, पण ही निळी बाटली ज्या वाटेनं आली ती बरीचशी अमेरिकेतून जाते. फिलाडेल्फियाच्या जनरल प्लेझंटन यांनी निळ्या काचांखाली द्राक्षं लावली, डुकरं पाळली, दोन्ही जोमानं वाढल्याचं जाहीर केलं आणि १८७६ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. निळ्या कागदावर, निळ्या शाईत. लोकांनी धडाधड खिडक्यांना निळ्या काचा बसवल्या. दोन वर्षांनी एडविन बॅबिट यांनी रंगचिकित्सेचा जाडजूड ग्रंथ लिहिला आणि उन्हात पाणी भारण्यासाठी खास रंगीत चंबूही विकायला काढला. ग्रंथाबरोबर चंबू, ही पद्धत तेव्हाची.

तिसरे गृहस्थ आपल्या मुंबईचे, म्हणून त्यांच्याबद्दल जास्त जिव्हाळा. दिनशा घडियाली यांचा जन्म १८७३ चा. ते स्वतः सांगत, की १८९७ मध्ये त्यांनी बॅबिटच्या पुस्तकावरून एका रुग्ण बाईवर उपचार केले. साधनं होती रॉकेलचा कंदील, लोणच्याची निळसर बाटली आणि तशाच रंगाच्या बाटलीत उन्हात ठेवलेलं दूध. पुढे ते अमेरिकेला गेले आणि १९२० पासून ‘स्पेक्ट्रोक्रोम’ नावाची पेटी विकू लागले. आत दिवा, समोर रंगीत काचा. १९४७ मध्ये तिथल्या न्यायालयानं खोट्या दाव्यांबद्दल त्यांना वीस हजार डॉलर दंड केला. लोणच्याच्या बाटलीपासून वीस हजार डॉलरपर्यंतची अशी मजल मराठी लोणचं उद्योजकांनाही क्वचितच साधली असेल.

आता या कथेतला अवघड भाग. ऊन पाण्यातले जंतू खरोखर मारतं. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातल्या आफ्तिम आक्रा यांनी लेबनॉनमध्ये यादवी पेटलेली असताना हे दाखवलं. अतिसार झालेल्या मुलांना द्यायचं साखर-मिठाचं पाणी उन्हानं निर्जंतुक होतं का, हा त्यांचा साधा प्रश्न होता. १९८४ मध्ये युनिसेफनं त्यांची पुस्तिका छापली. १९९१ पासून स्वित्झर्लंडच्या एआवाग या जलसंशोधन संस्थेनं ते पुढे नेलं. कृती इतकी साधी की कार्यशाळा पंधरा मिनिटांत आटोपावी. शीतपेयाची दोन लिटरपर्यंतची रिकामी, पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली घ्या, पाणी भरा, सहा तास कडक उन्हात आडवी ठेवा. आभाळ अर्ध्याहून जास्त भरलेलं असेल तर लागोपाठ दोन दिवस. काम करतात अतिनील किरण, आणि पाणी पन्नास अंशांच्या वर गेलं तर उष्णताही मदतीला येते. खाली पत्रा असला तर उत्तम, त्यानं ऊन परावर्तित होतं आणि बाटलीही तापते. लाकडी पाट नाही, पत्रा! आणि रंगीत बाटली नको, असं सूचनांत स्पष्ट असतं, कारण हिरव्या-तपकिरी प्लॅस्टिकमधून हे किरण पुरेसे आत जात नाहीत. रक्तशुद्धीसाठी चार आकडी रकमेत घेतलेली हिरवी बाटली जंतूंना गॉगल पुरवते.

मर्यादाही आहेत. आर्सेनिक, फ्लोराइड, कारखान्याचं सांडपाणी यांना ऊन हात लावत नाही. केनियात मसाई मुलांनी बाटल्या छपरावर ठेवल्या तेव्हा गंभीर अतिसार कमी झाला, असं १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. बोलिव्हियाच्या खेड्यांतल्या मोठ्या चाचणीत, २००९ मध्ये, ठोस फरक दिसला नाही. बाटल्या नेमानं उन्हात ठेवणारे होतेही जेमतेम ३२ टक्के. मला त्या बोलिव्हियनांचा राग येत नाही. रोज सकाळी बाटली भरा, ठेवा, उचला, आणि बदल्यात काय, तर जुलाब न होणं! न झालेल्या जुलाबाचा फोटो काढून ग्रुपवर टाकता येत नाही.

आणि संच घेतलेल्या तिन्ही घरांत भिंतीवर आरओची पेटी आहे. तिच्या पोटात अतिनील किरणांचा दिवाही आहे. म्हणजे आधी विजेवर जंतू मारायचे आणि मग त्या निर्मळ पाण्याला पाटावर बसवून औक्षण करायचं. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तपासण्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू आढळला आणि पाण्याकडे बोट गेलं. माझ्या ओळखीतल्या झाडून साऱ्या रंगोपचारवाल्यांनी तेव्हा निमूट गॅस पेटवला आणि पाणी उकळलं.

तरीही खऱ्या पद्धतीची हौस असेल, तर एक चाचणी आधी करावी लागते. गढूळ पाण्यात किरण शिरत नाहीत, म्हणून भरलेली बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी धरायची आणि तोंडातून तळाशी डोकावायचं. मथळा वाचता आला तर पाणी चालेल, नाहीतर आधी गाळा. मी जुलैतलं नळाचं पाणी भरून बसलो. पहिल्या पानावर मथळाच नव्हता, जलशुद्धीकरण यंत्राची पानभर जाहिरात होती. दुसऱ्या पानावर गृहप्रकल्प. तिसऱ्यावर एकदाचा चांगला ठळक, आठ कॉलमी मथळा सापडला. शहरातल्या प्रत्येक घराला लवकरच शुद्ध पाणी देण्याचं आश्वासन होतं. बाटली त्यावर ठेवली आणि वरून पाहिलं. त्यातला ‘लवकरच’ सुद्धा दिसेना.