काय गडबड नाही

महाराष्ट्र शासनाच्या २००५च्या एका कायद्यात तातडीची चक्क मापं दिलेली आहेत. लोक त्याला बदल्यांचा कायदा म्हणून ओळखतात, पण त्याच्या लांबलचक नावाच्या शेपटाला विलंबास प्रतिबंधही जोडलेला आहे. फाइल 'तात्काळ' असेल तर शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी हातावेगळी करायची, 'तातडीची' असेल तर चार दिवसांत, आणि साधी फाइल सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांहून जास्त अडकवून ठेवायची नाही. तातडीला चार दिवस देणारा माणूस दुपारी जेवून घटकाभर पडत असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. खासगी नोकरीला असला कायदा लागू नाही. त्यामुळे कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या ज्या फाउंड्रीत मी डिस्पॅच बघायचो, तिथं प्रत्येकजण आपापलं माप घरून घेऊन यायचा.

प्लॅनिंगचे साहेब पुण्याचे. सकाळी त्यांचा पहिला मेल 'अर्जंट' असायचा, चहाच्या वेळेपर्यंत 'टॉप अर्जंट' व्हायचा, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत नुसती उद्गारचिन्हं उरायची. कँटीनमध्ये उपवासाला साबुदाणा मिळणार आहे हेसुद्धा त्यांनी एकदा अर्जंट कळवलं होतं. मी मेल घेऊन फेटलिंगच्या शेडवर गेलो की तिथले मामा ग्राइंडर बंद करून शांतपणे विचारायचे, "कोण आलतं काय?"

"नाही. मेल आलाय."

"मग ऱ्हाऊ द्या."

मामांचा हिशेब पक्का होता. मेल आला तर वाचणाऱ्यानं वाचावा. फोन आला तर ऐकून घ्यावं. साहेब स्वतः शेडवर आले तर चहा सांगावा. आणि चहा नको म्हणाले, तरच काम खरोखर अडलंय असं समजावं. कोल्हापुरात चहाला नाही म्हणणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर संकटात, हे त्यांचं म्हणणं मला आजही पटतं.

मामांची बाजू भट्टीही घ्यायची. ओतलेला साचा वेळेआधी फोडला तर कास्टिंगला तडा जातो किंवा जॉब वाकतो. वितळलेलं लोखंड आपल्या सवडीनंच थंड होतं. साहेबांनी एकदा विचारलं होतं, "पंखे लावले तर?" मोल्डिंगच्या पोरांना तो प्रश्न दिवाळीपर्यंत पुरला.

मालकांचं सगळं उलटं. जुने कोल्हापूरकर. हात पाठीमागे बांधून यायचे, "काय गडबड नाही, सवडीनं बघा," म्हणायचे आणि पुढं जायचे. हे कानावर पडलं की जुनी माणसं हातातली भाकरी डब्यात टाकून उठायची. एका नव्या इंजिनिअरनं मात्र खरोखरच सवड काढली. त्याला एक टेस्ट सर्टिफिकेट शोधायला सांगितलं होतं. दोन दिवसांनी मालक परत आले. "झालं असलं तर बघू. नसलं तरी काय गडबड नाही." पोरगं उठून उभं राहिलं आणि मनापासून म्हणालं, "थँक्यू सर." अकाउंट्समधल्या बाईंनी कपाळावर हात मारला. मी त्याला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, "आता पळ."

सगळ्या गावाला मान्य असलेलं तातडीचं माप कोल्हापुरात एकच, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरचं. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. आता, इशारा पातळी म्हटल्यावर आम्ही पोराबाळांना घेऊन पाणी बघायला जातो, ही गोष्ट वेगळी. पण ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बुडाला आणि चाकणला जायचा आमचा भरलेला ट्रक गेटच्या आत अडकला. कारखाना नदीच्या अलीकडं, पुणं पलीकडं. साहेब नेमके पुण्याला गेलेले. तिथून मेल आला, 'मटेरियल उद्या सकाळी पोचलंच पाहिजे. टॉप अर्जंट.' मी हायवेचा फोटो पाठवला. त्यात रस्ता सोडून सगळं दिसत होतं. उत्तर आलं, 'पर्यायी मार्ग?' मामांना वाचून दाखवलं.

"पंचगंगेला पण सीसीत घाला म्हणावं," मामा म्हणाले.

पाणी ओसरलं, रस्ता सुरू झाला. ड्रायव्हरनं ताडपत्री आवळली, गाडीला नारळ फोडला, इंजिन सुरू केलं. त्या महिन्यात वाहनांचा बाजार पडला होता आणि एकेक कंपनी काही दिवस काम बंद ठेवत होती, हे आम्ही पुराच्या गडबडीत विसरलोच होतो. चाकणहून मेल आला, 'प्लांट बंद आहे. पुढील सूचना मिळेपर्यंत माल पाठवू नये. अति तातडीचे.'

"ह्ये मातूर आत्ताच्या आत्ता करायला पायजे," मामा म्हणाले, आणि स्वतः पुढं होऊन त्यांनी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला लावलं.