अस्वलाची सॅक

बॅन्जो नावाचं अस्वल पाठीला निळी सॅक अडकवून फिरतं. सॅकमध्ये कझूई नावाची लाल पक्षीण, जिभेने भलतीच तिखट. हे अस्वल सकाळी डोंबिवलीला फास्ट लोकलमध्ये चढलं असतं, तर 'ओ भाऊ, सॅक पुढे घ्या' एवढ्यावरच त्याचा खेळ आटोपला असता. पुढे घेतली, तर कझूई समोरच्याला काहीतरी लागट बोलणार आणि भांडण निदान मुंब्र्यापर्यंत पुरणार.

'बॅन्जो-कझूई' हा इंग्लंडच्या 'रेअर' कंपनीने निन्टेन्डो 64 साठी काढलेला 1998 सालचा खेळ. ठाण्याचा भाचा सुट्टीत एक्सबॉक्ससकट आमच्याकडे राहायला आला आणि टीव्ही अस्वलाच्या ताब्यात गेला. चेटकिणीने अस्वलाच्या बहिणीला पळवलंय, अशी गोष्ट आहे. पण बहिणीची घाई कोणालाच दिसत नाही. उद्योग सगळा वेचण्याचा. नऊ दुनिया, दर दुनियेत जिगसॉचे दहा सोनेरी तुकडे आणि संगीताच्या शंभर नोट्स.

असं वेचणं मला रिकामटेकडं वाटायचं, ते झाडाची दुनिया येईपर्यंत. एकच अवाढव्य झाड, चार ऋतूंत चार वेळा चढायचं. वसंतात अंड्यातून गरुडाचं पिल्लू बाहेर काढायचं, उन्हाळ्यात त्याला सुरवंट चारायचे, शरदात पुन्हा चारायचे. हिवाळ्यात ते मोठं होऊन उडतं, तेव्हा कुठे एक तुकडा हाती लागतो. तोवर झाडाची फांदी न् फांदी पाठ झालेली असते. तुकडा हे निमित्त, ओढ झाडाचीच.

मूळ खेळात एक दुष्टपणा मात्र होता. दुनियेतून बाहेर पडलात किंवा मेलात, की आतल्या सगळ्या नोट्स पुन्हा जागेवर. लक्षात राहायचा फक्त तुमचा उच्चांक. जहाजाच्या दुनियेतल्या इंजिनरूममध्ये पाय घसरला की नव्वद नोट्स गेल्याच. काही जण याला कस लागणं म्हणतात. मी छळ म्हणतो. 2008च्या एक्सबॉक्स आवृत्तीत वेचलेलं टिकू लागलं, म्हणून भाचा सुखात. कॅमेरा मात्र अजूनही ऐन उडीच्या वेळी भिंतीत तोंड खुपसतो.

याच कंपनीने पुढच्याच वर्षी 'डाँकी काँग 64' काढला आणि वेचण्याचा पार हिशेब करून टाकला. पाच माकडं, पाच रंगांची केळी, एका पातळीत पाचशे. निळं केळं जांभळ्या माकडाला चालत नाही. पिंपात शिरून माकड बदलून या. 'ही खिडकी नव्हे, पलीकडची' ऐकायला सरकारी कचेरी पुरेशी असताना घरी पैसे मोजून हे कोण करणार?

अस्वलाच्या खेळात मात्र शेवटी चेटकीण परीक्षा घेते: हे चित्र कुठलं, हा आवाज कोणाचा. चुकलात की जीव कमी. एका घोगऱ्या आवाजापाशी भाचा अडला, मीही अडलो. आई मागे गवार मोडत बसली होती. सुट्टीभर तिने पडद्याकडे फारसं पाहिलं नव्हतं, पण कान उघडेच होते.

"अरे, तो चष्मेवाला उंदीर," ती म्हणाली, "सारखा शिकवत असतो तो."

तो चिचुंद्रीच्या नात्यातला मोल निघाला, पण गुण मिळाले.